फिट यायची वाट कशासाठी बघायची?

प्रश्न : माझा मुलगा १९ वर्षांचा आहे. आठवीत असताना त्याला पहिली फिट आली. आता लेव्हेटिरासिटाम आणि ऑक्सकार्बाझेपिन या दोन्ही गोळ्या पूर्ण डोसमध्ये चालू आहेत, एकही चुकत नाही, तरी आठवड्याला तीन-चार फिट येतातच. बहुतेक पहाटे झोपेत. आधी डावा हात ताठ होतो, मग मान डावीकडे वळते आणि पाऊण मिनिटात सगळं संपतं. एमआरआय नॉर्मल आहे. ऑपरेशनचा विचार करता येईल का हे बघायला मुंबईच्या डॉक्टरांनी आठवडाभर भरती व्हायला सांगितलं आहे. तिथे गोळ्या कमी करून फिट येऊ देणार आणि फिट चालू असतानाच किरणोत्सारी इंजेक्शन देऊन मेंदूचा स्पेक्ट स्कॅन (मेंदूत कुठे किती रक्त वाहतं ते दाखवणारा) काढणार. इकडे जवळच्या शहरातलं एक सेंटर म्हणतं, ब्रेन स्पेक्ट आम्हीही करतो, सकाळी या आणि दुपारी घरी जा. मग भरती व्हायचं कशाला? सासूबाईंचं म्हणणं, फिट थांबवतो तो डॉक्टर, मुद्दाम आणणारा कसला? माझी थोरली मुलगी पाच महिन्यांची गरोदर आहे, तिला भावाजवळ थांबायचंय. थांबू द्यावं का? — एक आई, सांगली जिल्हा

उत्तर : ताई, आधी सेंटरचं बोलू, कारण पैसे आणि वेळ तिथेच वाया जाण्याची शक्यता आहे. ते करतात तोही ब्रेन स्पेक्टच, मशीनही कदाचित तेच असेल. पण तुमच्या मुलासाठी त्या एकट्या स्कॅनचा उपयोग फार थोडा. या तपासणीत मशीनपेक्षा इंजेक्शन कोणत्या सेकंदाला गेलं याला महत्त्व आहे.

मेंदूचा जो भाग जास्त काम करतो तिकडे रक्त जास्त वाहतं. फिट सुरू होते त्या ठिकाणच्या पेशी एकदम बेफाम काम करू लागतात आणि तेवढ्यापुरता तिथला रक्तप्रवाह बराच वाढतो. १९३०च्या दशकात माँट्रियलमध्ये वाइल्डर पेनफिल्ड या न्यूरोसर्जनने उघड्या मेंदूवर ऑपरेशन करताना हे बदल डोळ्यांनी पाहिले होते. फिट नसते तेव्हा मात्र तोच भाग अनेकदा उलट थंड असतो, तिथला प्रवाह कमी असतो किंवा अगदी नॉर्मल दिसतो. म्हणजे सकाळी चालत जाऊन, शांत पडून काढलेल्या स्कॅनमध्ये आपल्याला हवी ती जागा दिसेलच असं नाही. १९९८ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून केलेलं एक विश्लेषण प्रसिद्ध झालं. टेम्पोरल लोबच्या, म्हणजे मेंदूच्या कानशिलाजवळच्या भागाच्या अपस्मारात (वारंवार फिट येण्याच्या आजारात) फिट चालू असताना इंजेक्शन दिलं तर जागा सापडण्याचं प्रमाण ९७ टक्के, फिट संपल्यावर लगेच दिलं तर ७५ आणि फिट नसताना दिलं तर ४४ टक्के, असा त्याचा निष्कर्ष होता. तुमच्या मुलाची लक्षणं टेम्पोरलपेक्षा मेंदूच्या पुढच्या भागातल्या फिटशी जास्त जुळतात, त्यामुळे ९७चा आकडा त्याला जसाच्या तसा लावू नका. या तिन्हींतला फरक तेवढा लक्षात घ्या.

आता औषध. टेक्नेशियम-९९एम नावाचा किरणोत्सारी अणू ईसीडी किंवा एचएमपीएओ या रेणूला जोडलेला असतो. हा रेणू स्निग्ध असल्यामुळे रक्तातून सरळ मेंदूत शिरतो. आत गेल्यावर त्याचं रूप बदलतं आणि त्याला परत बाहेर पडता येत नाही. दिलेल्या डोसपैकी साधारण पाच-सहा टक्केच मेंदूत राहतो, पण जिथे रक्त जास्त तिथे तो जास्त साठतो. मिनिट-दोन मिनिटांत हे वाटप पक्कं होतं आणि नंतर तास-दोन तास बदलत नाही. म्हणूनच हे सगळं शक्य होतं : इंजेक्शन वॉर्डात, फिटच्या ऐन भरात द्यायचं; मुलगा शुद्धीवर आला, शांत झाला की मग त्याला गामा कॅमेऱ्याखाली (शरीरातून येणारे किरण टिपणाऱ्या मशीनखाली) न्यायचं. फोटो निघतो तासाभराने, पण त्यात दिसतो तो इंजेक्शनच्या वेळचा मेंदू. मध्ये फिट थांबवण्याचं औषध द्यावं लागलं किंवा कॅमेऱ्याखाली स्थिर राहावं म्हणून झोपेचं द्यावं लागलं, तरी चित्र बिघडत नाही, फक्त ते स्पेक्टच्या इंजेक्शननंतर काही मिनिटांनी दिलेलं असावं.

तुमच्या मुलाच्या बाबतीत अडचण आहे ती पाऊण मिनिटाची. हिशेब करून बघा. फिटचं पहिलं लक्षण दिसल्यापासून सिस्टरने सिरिंजचा दट्ट्या दाबेपर्यंत १० ते २० सेकंद जातात, तेही ती पलंगाशेजारीच बसलेली असेल तर. हातातल्या शिरेतून औषध हृदयामार्गे मेंदूत पोचायला आणखी सुमारे ३० सेकंद. म्हणजे उत्तम काम झालं तरी औषध पोचेपर्यंत तुमच्या मुलाची फिट संपत आलेली असते. जरा उशीर झाला की औषध फिटनंतरच्या मेंदूत जातं, आणि फिट संपल्यावर एक-दोन मिनिटांत चित्र उलटू लागतं, गरम असलेला भाग थंड दिसायला लागतो. फिट लांबली तर वेगळाच धोका : ती जिथून सुरू झाली तिथून शेजारच्या भागात पसरते आणि पसरलेली जागाच जास्त उजळ दिसते. त्यामुळे रिपोर्टमधला सगळ्यांत लाल ठिपका म्हणजेच फिटचं मूळ, असं कधीच गृहीत धरत नाहीत. मेंदूच्या पुढच्या भागातून येणाऱ्या फिटमध्ये इंजेक्शन २० सेकंदांच्या आत जावं, असा प्रयत्न असतो.

ही सेकंदं वाचवण्यात घरच्यांचा वाटा मोठा आहे. भरतीआधी किमान चार-पाच फिटचे मोबाइलवर व्हिडिओ काढा, आणि तेही अगदी सुरुवातीपासूनचे. झोपेतल्या फिटसाठी मोबाइल स्टँडवर लावून पहाटे रेकॉर्डिंग चालू ठेवलं तरच सुरुवात मिळते. आवाज ऐकून उठून काढलेल्या व्हिडिओत पहिली १५ सेकंदं गेलेली असतात. व्हिडिओ पाहून वॉर्डातल्या टीमला कळतं, की याचा डावा अंगठा आत वळला की सुरुवात झाली, हात पूर्ण ताठ व्हायची वाट बघायची नाही. वहीत तारीख, वेळ, पहिलं लक्षण आणि किती सेकंद हे लिहून न्या.

फिट पहाटे येते, हे भरतीच्या तारखेआधीच फोनवर सांगा आणि विचारा, की औषध वॉर्डात किती ते किती वाजेपर्यंत तयार असतं. हा प्रश्न फार कमी लोक विचारतात. टेक्नेशियम रोज सकाळी जनरेटरमधून (ते तयार करणाऱ्या छोट्या उपकरणातून) काढून औषध बनवतात. एचएमपीएओचा साधा प्रकार बनवल्यापासून अर्ध्या तासात वापरावा लागतो, स्थिर केलेला प्रकार चारेक तास टिकतो, ईसीडी त्याहून काही तास जास्त. बहुतेक ठिकाणी सकाळी आठ-नऊपासून दुपारी चार-पाचपर्यंतच सोय असते. पहाटे चारला आलेली फिट व्हिडिओ ईईजीत (मेंदूच्या विद्युत लहरींचा आलेख आणि सोबत चित्रण) टिपली जाईल, पण स्पेक्टसाठी वाया जाईल. अशा रुग्णांना बऱ्याचदा रात्रभर जागवून सकाळी औषध आलं की झोपू देतात, म्हणजे झोपेतली फिट दिवसा येण्याची शक्यता वाढते. तुम्ही हे आधी सांगितलंत तर टीम पहिल्या दिवसापासून तसं आखेल. नाहीतर दोन-तीन दिवस असेच निघून जातील. त्याच फोनवर खर्चाचंही विचारून घ्या : ज्या दिवशी फिट आली नाही आणि औषध टाकून द्यावं लागलं, त्या दिवशीच्या डोसचे पैसे लागतात का? दवाखान्यागणिक याचं उत्तर वेगळं असतं.

वॉर्डात काय दिसेल ते सांगते. डोक्यावर ईईजीच्या तारा चिकटवलेल्या, समोर कॅमेरा, हातात सलाईनची सुई. त्याची फिट डाव्या हातापासून सुरू होते, तेव्हा सुई उजव्या हाताला लावायला आठवण करा. फिटमध्ये वाकडा-ताठ होणारा हात कोपरात दुमडला की सुई अडते किंवा औषध शिरेबाहेर जातं, आणि तो डोस गेलाच. सिरिंज टंगस्टन किंवा शिशाच्या जाड आवरणात असते. मोठ्या माणसाला साधारण २० मिलिक्युरी म्हणजे ७४० मेगाबेकरेल देतात (ही दोन्ही किरणोत्सार मोजायची मापं). टेक्नेशियम सहा तासांत निम्मं होतं, म्हणून सिरिंजसोबत वेळेचा तक्ता लटकवलेला असतो. सकाळी आठला १ मिलीत पूर्ण डोस असेल, तर ११ वाजता तेवढ्याच डोसासाठी १.४ मिली लागतं आणि दुपारी दोनला २ मिली. फिट आली की सिस्टर तक्ता बघून तेवढंच ढकलते आणि लगेच १० मिलीच्या आसपास सलाईन जोरात सोडते. हे सलाईन राहिलं तर औषध नळीतच रेंगाळतं आणि हातघाईने मिळवलेली सेकंदं तिथेच जातात. सलाईनची नळी लांबलचक असेल तर हा धोका वाढतो. दट्ट्या दाबल्याची अचूक वेळ लिहितात, ती ईईजीच्या घड्याळाशी जुळलेली हवी.

तुमचं काम एवढंच : पहिलं लक्षण दिसताच बटण दाबायचं, “आली” म्हणून मोठ्याने सांगायचं, पांघरूण बाजूला ओढायचं आणि कॅमेऱ्याच्या आड न येता दूर व्हायचं. बटण चुकून दाबलं गेलं तरी कुणी रागावणार नाही. पण खात्री करत बसाल तर फिट संपून जाईल. हात-पाय दाबून धरू नका. कांदा, चप्पल हुंगवणं, तोंडात चमचा घालणं यांतलं काहीही नको, आजीबाई सोबत येणार असतील तर त्यांनाही हे आधीच समजावा. फिटमध्ये कधी कधी लघवी होते. इंजेक्शननंतर झाली असेल तर त्या लघवीत किरणोत्सार असतो, म्हणून चादर आणि कपडे तुम्ही उचलायचे नाहीत. हातमोजे घातलेला स्टाफ ते वेगळ्या पिशवीत भरून दोन-तीन दिवस बाजूला ठेवतो, तेवढ्यात त्यातला किरणोत्सार नगण्य होतो.

सासूबाईंची शंका रास्त आहे, तिला नीट उत्तर द्यायला हवं. दोन योग्य औषधं पुरेशा डोसमध्ये देऊनही फिट थांबत नसतील तर त्याला औषधांना न जुमानणारा अपस्मार म्हणतात, आणि तिसऱ्या-चौथ्या गोळीने तो पूर्ण थांबण्याची शक्यता कमी असते. आज घरी आठवड्याला तीन-चार फिट येतातच आहेत. त्यांतली एक-दोन डॉक्टरांसमोर, सुई लावलेली असताना, ऑक्सिजन आणि फिट तातडीने थांबवणारं लोराझेपाम किंवा मिडाझोलाम हाताशी असताना याव्यात, यासाठी गोळ्या कमी करतात. तरी धोका नाहीच असं नाही. गोळ्या कमी केल्यावर लागोपाठ फिट येऊ शकतात, एरवी हातापुरती राहणारी फिट सगळ्या अंगाची होऊ शकते, क्वचित पाच मिनिटांवर लांबते. म्हणूनच ते टप्प्याटप्प्याने करतात आणि तातडीचं औषध कधी द्यायचं हे आधी ठरवून ठेवतात. आणि म्हणूनच हे कळकळीने सांगते : ‘तिकडे कमी करणारच आहेत’ म्हणून आठवडाभर आधी घरीच गोळ्या कमी करू नका. एसटीत किंवा रेल्वेत मोठी फिट आली तर तिथे सुईही नसते आणि सिस्टरही नसते. भरतीच्या दिवसापर्यंत एकही गोळी चुकवायची नाही.

फिटचा स्कॅन मिळाला की अर्धं काम झालं. दुसरा स्कॅन फिट नसतानाचा लागतो, शेवटच्या फिटनंतर किमान २४ तासांनी. तेच औषध, तेवढाच डोस, तोच कॅमेरा. मग संगणकावर पहिल्यातून दुसरा वजा करतात आणि उरलेला फरक मुलाच्याच एमआरआयवर बसवतात. या पद्धतीला सिस्कॉम म्हणतात. ती १९९८ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या गटाने मांडली, आणि एमआरआय नॉर्मल असलेल्या रुग्णांत तिचा विशेष उपयोग होतो. साधारणपणे दोन स्टँडर्ड डेव्हिएशनपेक्षा जास्त, म्हणजे नेहमीच्या चढ-उतारापेक्षा स्पष्टपणे जास्त वाढलेला भागच त्यात दाखवतात. आता तुमच्या जवळच्या सेंटरकडे परत येऊ. त्यांचा स्कॅन हा फार तर दुसरा स्कॅन. पण तो वेगळ्या कॅमेऱ्यावर, कदाचित वेगळ्या औषधाने काढलेला असेल तर वजाबाकीत खोटे फरक दिसतात, आणि मुंबईत तो पुन्हा काढावाच लागेल. तिकडचे पैसे वाचवा. त्यापेक्षा एमआरआय ३ टेस्लाच्या (जास्त ताकदीच्या चुंबकाच्या) मशीनवर आणि खास अपस्मारासाठीच्या पद्धतीने काढलेला आहे का, हे रिपोर्ट घेऊन विचारा. साध्या एमआरआयमध्ये नॉर्मल म्हटलेला बारीक दोष त्यात सापडू शकतो.

स्कॅनची वेळ कमी वाटेल, २० ते ३० मिनिटं. कॅमेऱ्याची दोन डोकी मुलाच्या डोक्याभोवती शक्य तितकी जवळून, खांद्याला जवळजवळ घासून फिरतात. जवळून फिरणं गरजेचं, अंतर वाढलं की चित्र पुसट होतं. स्कॅनआधी लघवीला नेऊन आणा आणि त्याला सांगून ठेवा, की या वेळात बोलायचंही नाही. डोकं जरा जरी हललं तरी कडा दुहेरी येतात आणि एका बाजूला खोटा कमी प्रवाह दिसतो.

डॉक्टर पेट स्कॅनही सांगतील. ती तपासणी वेगळी आहे. एफडीजी या साखरेसारख्या किरणोत्सारी औषधाच्या पेटमध्ये मेंदू साखर किती वापरतो हे दिसतं आणि ती फिट नसतानाच काढतात. औषध मेंदूत बसायला अर्धा तास लागतो, त्यामुळे पाऊण मिनिटाची फिट त्यात पकडता येत नाही. चार ते सहा तास उपाशी राहायचं, रक्तातली साखर तपासून घ्यायची, आणि इंजेक्शनच्या आधी-नंतर अर्धा तास मंद उजेडात, मोबाइल न बघता पडून राहायचं. त्या अर्ध्या तासात फिट आली तर लगेच सांगा, नाहीतर अर्थ उलटा लागेल. पेटमध्ये थंड दिसणारा भाग मूळ जागेपेक्षा बराच मोठा असतो, स्पेक्टमध्ये वेळेचा घोळ असतो. दोन्ही एकाच बाजूला, एकाच भागाकडे बोट दाखवत असतील आणि ईईजीही तेच म्हणत असेल, तर सर्जनला पुढचं पाऊल टाकता येतं. बऱ्याचदा ते पाऊल म्हणजे संशयित जागेत बारीक इलेक्ट्रोड घालून केलेली ईईजी असते. थेट ऑपरेशन नव्हे, याची मनाची तयारी ठेवा.

किरणोत्साराचं विचारलं नाहीत, पण मनात असेलच. ७४० मेगाबेकरेल ईसीडीच्या एका स्कॅनमध्ये साधारण ६ मिलिसिव्हर्ट (शरीराला बसणाऱ्या किरणोत्साराचं माप), म्हणजे दोन स्कॅनचे १२च्या आसपास. निसर्गातून आपल्याला वर्षाला जगाच्या सरासरीने २.४ मिलिसिव्हर्ट मिळतात. हा डोस अगदी क्षुल्लक नाही, पण आठवड्याला चार फिट येणाऱ्या १९ वर्षांच्या मुलाच्या बाबतीत त्याचं पारडं हलकंच आहे. उशीर झाल्यामुळे स्पेक्ट दुसऱ्यांदा करायची वेळ आली तर तेवढा डोस पुन्हा जातो. सेकंदांचा आग्रह धरायचं हेही एक कारण.

थोरल्या लेकीने वॉर्डात सोबत म्हणून राहू नये. इंजेक्शननंतर लगेच एक मीटरवर तासाला साधारण १० मायक्रोसिव्हर्टच्या घरात किरणोत्सार असतो आणि तो दर सहा तासांनी निम्मा होतो. सामान्य माणसासाठीची मर्यादा वर्षाला १ मिलिसिव्हर्ट, म्हणजे १००० मायक्रोसिव्हर्ट आहे. म्हणून तिने भावाला भेटलं तर आकाश कोसळणार नाही. पण इंजेक्शन कोणत्या क्षणी द्यावं लागेल हे कुणालाच माहीत नसतं, सोबतीला असलेलं माणूस तासन् तास शेजारी बसतं, आणि फिटमध्ये भाऊ हिसके देत असताना बहीण त्याला सावरायला धावणारच. पोटाला धक्का लागण्याची भीती मला किरणोत्सारापेक्षा जास्त वाटते. इंजेक्शन झाल्यावर २४ तासांनी तिने खुशाल भेटायला यावं. तोवर व्हिडिओ नीट लावणं, वहीतल्या नोंदी व्यवस्थित लिहून काढणं हे काम घरबसल्या तिच्याकडे द्या. सोबत तुम्ही आणि वडील आळीपाळीने थांबा. दोघांपैकी एकजण सतत जागा हवा.

रिपोर्ट हातात आला की तीन गोष्टी त्यात लिहिल्या आहेत का बघा : फिट सुरू झाल्यापासून इंजेक्शन किती सेकंदांनी पूर्ण झालं, फिट एकूण किती सेकंद चालली आणि वजाबाकी एमआरआयवर बसवली आहे की नाही. हे नसेल तर न्यूक्लिअर मेडिसिनच्या डॉक्टरांकडून लिहून घ्या. पुढे दुसऱ्या कुठल्या अपस्मार केंद्राचं मत घ्यायचं ठरलं तर ते हेच पहिल्यांदा विचारतील. छापील फोटो पुरत नाहीत, दोन्ही स्कॅनचा मूळ डेटा सीडीवर मागा.

आणि घरी निघण्याआधी गोळ्या पूर्ववत डोसवर किती दिवसांत आणायच्या याचं तारीखवार वेळापत्रक लेखी घ्या. पूर्ण डोस पुन्हा सुरू करून मुलाला काही तास तिथेच थांबू देणार आहेत का, तेही विचारा. भरतीनंतरचे पहिले चार-पाच दिवस त्याला एकट्याने अंघोळीला आतून कडी लावू देऊ नका आणि गाडीवर तर बसू देऊच नका.